थंडीच्या तोंडावर फिफ्टी: कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्सचा आढावा

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात सूर्य सहा वाजायच्या आतच मावळतो. वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असला, तरी सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी येऊन जातो. सगळ्यात उशिराचा सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आसपास. म्हणजे कामावरून घरी परतणाऱ्याला उजेड सापडत नाही तो आत्ता, आणि दूध आणायला बाहेर पडणाऱ्याला अंधार भेटतो तो पुढे दीड महिन्याने. रोजचे साधे फोटो काढणाऱ्याची पंचाईत इथेच होते. तुळशीपुढची पणती, कोपऱ्यावरची शेकोटी, चहाच्या टपरीवरची वाफ, शाल गुंडाळून पेपर वाचणारे आजोबा, या मोसमात टिपावंसं वाटतं ते सगळं उजेडाच्या अगदी काठावर असतं.

कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली १८-५५ किट लेन्स तिथे हात टेकते. ५५ एमएमवर तिचं सगळ्यात मोठं अपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, एफ/५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). तिच्या जागी फिफ्टी, म्हणजे ही ५० एमएमची लेन्स, लावून एफ/१.८ ठेवलं, तर जवळजवळ पावणेदहापट उजेड आत येतो. हिशोब करा: किट लेन्सला जिथे ६४०० आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) लागतो, तिथे हिला ६४० पुरतो. किंवा आयएसओ तोच ठेवलात, तर शटर १/१५ सेकंदाऐवजी १/१२५च्याही पुढे नेता येतं. हलत्या माणसाचा फोटो निघणं आणि न निघणं यातला फरक एवढाच असतो.

ही लेन्स कॅननने २०१५मध्ये आणली. नावातलं एसटीएम म्हणजे फोकस करणारी स्टेपिंग मोटर. वजन १६० ग्रॅम, म्हणजे स्वेटरच्या खिशात मावते. आत पाच गटांत सहा भिंगं, अपर्चरची सात गोलसर पाती, कॅमेऱ्याला जोडायचा माउंट धातूचा, पुढचा फिल्टर ४९ एमएमचा. किंमत दुकान आणि सवलत बघून साधारण दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे. कॅननच्या १५००डीसारख्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) तिचं चित्र ८० एमएमसारखं दिसतं. या आढाव्यातली सगळी मापं तशाच बॉडीची आहेत, कारण ही लेन्स घेणारे बरेच जण तशीच बॉडी वापरतात.

कौतुक थोडक्यात उरकतो, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. एफ/२.८ ते एफ/५.६ या पट्ट्यात ही लेन्स तिच्या किमतीच्या मानाने फारच धारदार आहे. मागचे दिवे मऊ, गोल उमटतात. वजन नाही, बोजा नाही. आता मुद्द्याचं. या लेन्सवर काढलेले जे फोटो फसतात, त्यातले बहुतेक एकाच कारणाने फसतात: नवी लेन्स लावली म्हणून जवळची प्रत्येक गोष्ट एफ/१.८वर काढायची. एफ/१.८ हे अंधारासाठी ठेवलेलं राखीव माप समजा. उजेड पुरेसा असताना ते वापरायचं म्हणजे दिवसा हेडलाइट लावून फिरायचं.

कारण आकड्यांत सांगता येतं. एफ/१.८वर एक मीटर अंतरावर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट येणारा पट्टा, मिळते जेमतेम अडीच सेंटिमीटर. एका डोळ्यावर फोकस केला आणि चेहरा जरा तिरका असला की दुसरा डोळा विरघळला. दोन मीटरवर हीच खोली दहा सेंटिमीटर होते, म्हणजे चेहरा सांभाळला जातो. आणि लेन्सच्या सगळ्यात जवळच्या अंतरावर, ३५ सेंटिमीटरवर, उरते फक्त दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरमध्ये शेवंतीची एक पाकळीसुद्धा पूर्ण येत नाही. तिथे एफ/८ लावलं तरी आठ मिलिमीटरच मिळतात. तेव्हा साधा नियम: अर्ध्या मीटरच्या आत एफ/५.६ ते एफ/८, एका माणसाला एफ/२.८, दोन-तीन माणसं शेजारी बसली असतील तर एफ/४. दिवेलागण झाली की मग १.८कडे वळा, तेही शक्यतो दीड-दोन मीटर मागे सरकून.

याला जोडून एक खोड आहे. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धं दाबून धरायचं आणि कॅमेरा वळवून चौकट जुळवायची, ही सवय किट लेन्सवर चालून जाते. इथे चालत नाही. एक मीटरवरचा डोळा मधून अगदी चौकटीच्या काठापर्यंत नेलात, तर फोकसची पातळी डोळ्याच्या जवळजवळ अडीच सेंटिमीटर मागे जाते. डोळा मऊ, कान धारदार. लोक लेन्सला नावं ठेवतात, दोष भूमितीचा असतो. १५००डीवर नऊ फोकस बिंदू आहेत. त्यातला डोळ्याच्या सगळ्यात जवळचा निवडा आणि कॅमेरा कमीत कमी हलवा. मात्र त्या नऊपैकी मधला एकच आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा आहे. म्हणून अंधुक उजेडात बाजूचे बिंदू चाचपडतात. तेव्हा मधलाच वापरा, डोळा मध्याजवळ ठेवा आणि नंतर फोटो कापा. २४ मेगापिक्सेल आहेत, थोडे कापले तर बिघडत नाही.

धुक्याचं तंत्र वेगळं. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा लवकर गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. त्यामुळे चुलीचा, कचऱ्याचा, वीटभट्टीचा धूर वर न जाता आडवा पसरतो. नदीकाठी त्यात धुकं मिसळतं. हा पट्टा सूर्य वर आल्यावर तास-दीड तासात विरतो. या उजेडात ऑटोफोकस मागेपुढे धावत राहतो, कारण त्याला पकडायला कड सापडत नाही. झाडाच्या खोडाची, विजेच्या खांबाची, सायकलच्या चाकाची, कुठलीही काळी उभी कड बघा आणि मधला बिंदू तिच्यावर ठेवा. दुसरं, कॅमेऱ्याला पांढरं धुकं राखाडी करायची खोड असते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +२/३ ठेवा. धुकं दाट असेल तर +१. धुक्यामागून सूर्य येत असेल तर मात्र एकदा हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, बघून घ्या, आकाश सगळं जळून जायला वेळ लागत नाही.

सूर्योदयाआधी पंधरा-वीस मिनिटं, झाडू मारणाऱ्या, दूध-पेपर टाकणाऱ्या माणसांसाठी सुरुवातीचं माप: एफ/१.८, १/१००, आयएसओ १६००. क्रॉप बॉडीवर ही ५० एमएम हाताने धरून १/८०च्या खाली जाऊ नका. या लेन्समध्ये हादरा सावरणारी यंत्रणा नाही आणि १५००डीच्या बॉडीतही नाही. किट लेन्सवर ती असते, म्हणून तिथे १/२०लाही स्थिर वस्तू निघते, आणि तीच सवय घेऊन फिफ्टीवर आलेल्याला दहापैकी सहा फोटो हललेले दिसतात. थंडीत हात थरथरतात ते वेगळंच. कोपर बरगडीला टेकवा, श्वास सोडल्यावर बटण दाबा. श्वास सोडताना मात्र नाक व्ह्यूफाइंडरपासून दूर. काचेवर वाफ धरली की पुढचा मिनिटभर काही दिसत नाही.

सकाळच्या सावलीतला उजेड निळा असतो आणि शेकोटीचा नारिंगी. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल आपोआप जुळवणारी सोय, हे दोन्ही पुसून टाकायला बघतो. मग थंडीचा फोटो थंड वाटत नाही आणि शेकोटी ट्यूबलाइटखाली पेटवल्यासारखी दिसते. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे ५२०० केल्व्हिनवर, बांधून टाका. सावली निळीच राहू द्या. शेकोटीभोवतीच्या चेहऱ्यांसाठी एफ/२, १/१००, आयएसओ १६००पासून सुरू करा आणि एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, खाली ओढा. नाहीतर कॅमेरा भोवतीचा काळोख उजळायला जातो आणि ज्वाळा पांढऱ्याफटक होतात. फोकस ज्वाळेवर करू नका, ती सारखी हलते. तिच्या मागच्या माणसाच्या मफलरच्या विणीवर करा. पणतीच्या उजेडातला चेहरा याहून अंधारा असतो: कॅमेरा कशावर तरी टेकवून एफ/१.८, १/६०, आयएसओ १६००, आणि माणसाला सांगायचं की जरा स्थिर राहा.

दिव्यांच्या माळांचं एक वेगळंच दुखणं आहे. दिवाळीत लावलेला आकाशकंदील आणि माळा बऱ्याच घरी तुळशीच्या लग्नापर्यंत, काही ठिकाणी थेट त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टांगलेल्या असतात. स्वस्त एलईडी माळा विजेच्या ५० हर्ट्झबरोबर सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० शटरला अर्धी माळ विझलेली येते किंवा फोटोत आडवे पट्टे दिसतात. तिथे शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. कंदिलासाठी कॅमेरा टेकवून एफ/२, १/५०, आयएसओ ४०० हे माप साधारण बसतं. कंदिलाचा कागद गडद असेल तर ८००. मागच्या माळेचे दिवे गोल हवे असतील तर एफ/२ ते एफ/२.८. एफ/१.८वर मधले दिवे गोल येतात, पण चौकटीच्या कोपऱ्यातले मांजराच्या डोळ्यासारखे चपटतात. काहींना ते आवडतं. पाती सात असल्याने एफ/१६वर रस्त्यावरच्या दिव्याला चौदा किरणं फुटतात. हे एकदा बघून झाल्यावर फारसं कामाचं नाही.

आता या मोसमातला जवळून बघण्याचा विषय: दव. कार्तिकात पहाटे गवतावरच्या कोळ्याच्या जाळ्यात थेंब ओवल्यासारखे दिसतात, आणि फिफ्टी घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात ते काढायला जातो. बहुतेकांच्या फोटोत चार थेंब स्पष्ट आणि बाकी धुरळा येतो. जाळं हा सपाट पडदा आहे. कॅमेऱ्याची पाठ त्या पडद्याला अगदी समांतर धरली तर कमी खोलीतही सगळं जाळं सापडतं. थोडी तिरकी झाली की संपलं. हातभर मोठ्या जाळ्यासाठी एक मीटरवर उभे राहा. तिथे चौकट साधारण ४० बाय २६ सेंटिमीटर मिळते. एफ/५.६ लावा, खोली सात सेंटिमीटर होते. सूर्य जाळ्याच्या मागे, जरा बाजूला हवा आणि पलीकडे गडद सावलीतली झुडुपं हवीत, नाहीतर पांढऱ्या आकाशावर पांढरे थेंब दिसणारच नाहीत. वारा सुटायच्या आत काम उरका. ऊन चढलं की थेंब आधी बारीक होतात आणि मग एकदम नाहीसे होतात.

एकच थेंब मोठा काढायचा असेल, तर ही लेन्स एकटी पुरत नाही. तिच्या सगळ्यात जवळच्या अंतरावर चौकटीत १०.५ बाय ७ सेंटिमीटरचा भाग येतो, म्हणजे साधारण तळहात. थेंब त्यात टाचणीच्या डोक्याएवढा दिसणार. त्यासाठी लेन्स आणि बॉडीच्या मधे घालायच्या नळ्या, एक्स्टेन्शन ट्यूब, मिळतात. १२ एमएमची नळी आकारमान ०.२१वरून ०.४५ पटीपर्यंत नेते, २५ एमएमची ०.७ पटीपर्यंत. मात्र घेताना आत सोनेरी विद्युत संपर्क आहेत ना हे बघून घ्या. बाजारात दोन-चारशे रुपयांच्या संपर्क नसलेल्या नळ्या असतात. जुन्या हाताने फिरवायच्या लेन्सवर त्या ठीक आहेत. या एसटीएम लेन्सची फोकस रिंग थेट भिंगांना जोडलेली नाही, ती मोटरला इशारा देते. वीज पोचली नाही तर रिंग कितीही फिरवा, काही हलत नाही. अपर्चरही उघडंच राहतं. म्हणजे स्वस्त नळी घेऊन हातात येतात दोन मिलिमीटरहूनही कमी खोलीचे फोटो, आणि पुढेमागे डोलत फोकस शोधणं.

एफ/१.८वर चमकत्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते: दवाच्या थेंबांना, उन्हात वाळत घातलेल्या स्टीलच्या पातेल्यांना, पांढऱ्या साडीच्या काठाला. फोकसच्या पुढची कड जांभळी, मागची हिरवी. संगणकावर चौकटीच्या कडेला येणारी बाजूची झालर बऱ्यापैकी निघते, ही पुढची-मागची सहजी निघत नाही. एफ/२.८ला ती बरीच ओसरते. दुसरा दोष या मोसमात जास्त जाणवतो. डिसेंबरात पुण्याला भर दुपारीही सूर्य ५० अंशांच्या वर जात नाही, आणि माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडीच कमी असते; मे महिन्याच्या मध्यावर हीच सावली शून्य होते. सूर्य असा दिवसभर तिरका असल्याने तो चौकटीत नसला तरी भिंगावर आडवा पडतो, आणि सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा येतो. काळे रंग करडे होतात. याला हूड, म्हणजे भिंगापुढे बसवायचं सावलीचं कडं, लागतो. त्याचं नाव ईएस-६८, आणि तो डब्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. एवढ्या स्वस्त प्लास्टिकच्या कड्यासाठी वेगळे पैसे मोजायला लावणं हा कंजूषपणा आहे, पण घ्या. फिल्टरवर खर्च करण्याआधी हा घ्या.

हूड घेण्याचं दुसरं कारण ऊन नाही, धक्का आहे. फोकस करताना लेन्सचा आतला नळकांडा पुढे येतो. तो पुढे आलेला असताना समोरून दाबला गेला, बॅगेत कोंबला, खुर्चीच्या पाठीला आपटला, तर आतले दाते किंवा मार्गिका बिघडतात आणि फोकस अडकतो. या लेन्सचं सगळ्यात ठरलेलं दुखणं हेच. हूड बाहेरच्या स्थिर अंगावर बसतो, म्हणून धक्का तो झेलतो. फिल्टर मात्र आतल्या हलत्या भागावर बसतो, म्हणून फिल्टरवर आलेला धक्का सरळ आत जातो. कॅमेरा बंद करण्यापूर्वी लांबच्या कशावर तरी फोकस करा, नळकांडा आत जातो. बंद केल्यावर रिंग फिरवून तो आत जाणार नाही, आणि बोटाने ढकलायचा तर मुळीच नाही.

या लेन्सला पाऊस-धूळ रोखणारं रबर नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरीला जाणार असाल, तर हे लक्षात असू द्या. उधळलेला भंडारा म्हणजे हळदीची बारीक पूड. ती त्या आतल्या-बाहेरच्या नळकांड्यांमधल्या फटीत शिरते आणि मग फोकस करताना करकर ऐकू येते. जाड पारदर्शक पिशवीला हूडएवढं भोक पाडून रबरबँडने बसवा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. तिथे लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी फुग्याने हवा मारा, मग मऊ कोरडा ब्रश. ओलं फडकं पहिल्यांदा लावलंत तर पिवळा डाग बसतो. आणि गर्दीचा विस्तार या लेन्समध्ये मावत नाही, तेव्हा दोन-तीन मीटरवरच्या चेहऱ्यांवर लक्ष द्या: कपाळावरचा मळवट, भुवयांत अडकलेली हळद.

गुऱ्हाळात अडचण वाफेची. बाहेरच्या गारठ्यातून आलेलं थंड भिंग काहिलीतल्या उकळत्या रसाजवळ गेलं की त्या क्षणी आंधळं होतं. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून आत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग बाहेर काढा. वाफ धरलीच तर पुसू नका. ती आपोआप उडते, आणि पुसली तर चिकट फराटे उठतात. फिल्टरचा खरा उपयोग अशाच जागी, कारण ती वाफ गोडसर चिकट असते आणि फिल्टर धुता येतो. वाफ फोटोत दिसायला उजेड तिच्या मागून किंवा बाजूने यावा लागतो. समोरच्या दारातून ऊन येत असेल तर दाराकडे तोंड करा, वाफेच्या मागे काळी भिंत किंवा चुलवाणाचा अंधार ठेवा, फोकस काहिलीच्या काठावर धरा. एफ/४, १/२५० धरलं की वाफेचे लोळ वेगळे दिसतात. शटर हळू केलं तर नुसता धुरकट पडदा. चहाच्या कपालाही हेच लागू, फक्त तिथे एफ/२.८ पुरे.

ही लेन्स कुणासाठी नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. तुळशीच्या लग्नाला गॅलरीत दहा माणसं, अंतरपाट, ऊस, तुळस, सगळं एका चौकटीत हवं असेल तर फिफ्टी विसरा. दोन मीटरवरून हिच्यात ८५ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा येतो. उभं माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं तर कॅमेरा उभा धरूनही चौदा फूट मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत ते भिंतीपलीकडे. अशा घरांसाठी कॅननचीच २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बरी. वजन १२५ ग्रॅम, आणि ती १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. उजेड तिच्यात सव्वा स्टॉप कमी येतो, पण खोली मावते. ज्यांच्याकडे कॅननचा आर५० किंवा आर१० हा मिररलेस कॅमेरा आहे त्यांनी ही जुनी लेन्स अडॅप्टरवर लावण्यापेक्षा २०२०ची आरएफ माउंटवाली ५० एफ/१.८ घ्यावी. वजन तेवढंच, ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, फिल्टर ४३ एमएमचा. त्या बॉडी डोळा स्वतः शोधतात, त्यामुळे वर सांगितलेली फोकसची अर्धी डोकेदुखी मिटते.

जुनी घेणाऱ्यांसाठी. १९९०मध्ये आलेली दुसरी आवृत्ती अजून सेकंडहँड दुकानांत 'फिफ्टी' म्हणूनच मिळते. ओळखायची कशी? मागचा माउंट प्लास्टिकचा, फिल्टर ५२ एमएमचा, पाती पाच, त्यामुळे अपर्चर लहान केलं की मागचे दिवे पंचकोनी होतात. जवळचं अंतर ४५ सेंटिमीटर. चित्र वाईट नाही, पण मोटर घरघरते आणि अंधारात जास्त चाचपडते. किमतीतला फरक अगदीच मोठा असेल तरच घ्या. एसटीएम असेल तर मोबाइलची बॅटरी मागून मारून आत बघा: कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. पावसाळाभर चामड्याच्या बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला ती धरते, कोकणात तर हमखास. घरची लेन्स तपासायला खंडेनवमीचा मुहूर्त बरा, हत्यारं बाहेर निघतातच. हळद-कुंकू मात्र बॉडीच्या पट्ट्याला लावा, रिंगला नको.

पैसे देण्याआधी दुकानातच पाच मिनिटांची चाचणी करा. पाच आगपेट्या टेबलावर तिरक्या ओळीत उभ्या करा, प्रत्येक आधीच्या पेटीपेक्षा दोन सेंटिमीटर मागे. एक मीटरवर कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर टेकवून एफ/१.८वर मधल्या पेटीच्या छापावर मधल्या बिंदूने फोकस करा. पाच फोटो, प्रत्येक वेळी फोकस आधी पूर्ण बिघडवून. मधली पेटीच सगळ्यात स्पष्ट आली तर लेन्स तुमच्या बॉडीशी जुळते. पाचही वेळा पुढची किंवा मागचीच येत असेल तर दुसरा नग मागा, कारण १५००डीत हा फरक मेनूतून दुरुस्त करायची सोय नाही. कधी पुढची, कधी मागची येत असेल तर नळकांड्याला हलकेच बोट लावून बघा, डुगडुगतो का. डुगडुगत असेल तर तो कधीतरी पडलेला आहे, दुकानदार काहीही म्हणो.